गेल्या आठवड्यात यायला हवं होतं

स्कॉटलंडमधल्या टे नदीवर सॅमन गरवण्याचा हंगाम 15 जानेवारीला सुरू होतो. ही तारीख ज्याने ठरवली, तो ती ठरवताना शेकोटीजवळ बसलेला असणार. केनमोर नावाच्या चिमुकल्या गावात त्या सकाळी बॅगपाइप वाजतात, मिरवणूक नदीवर येते, भाषण होतं आणि नावेच्या नाळेवर व्हिस्की ओतली जाते. उरलेली व्हिस्की वाया जात नाही. मग छातीपर्यंत जलरोधक विजारी चढवलेली, बहुतेक साठीपुढची मंडळी पाण्यात उतरतात. पाणी दोन-तीन अंशांवर असतं. काठीच्या कड्यांमध्ये दोरीवरचं पाणी गोठून बसतं, ते तोंडाने फुंकून वितळवावं लागतं. चार वाजता अंधार पडतो. एवढं करून मासा मिळालाच, तर तो परत सोडायचा, कारण 1 एप्रिलपूर्वी पकडलेला प्रत्येक सॅमन जिवंत नदीत सोडलाच पाहिजे, असा कायदा 2015 पासून लागू आहे.

पण या खटाटोपातली खरी मेख पुढेच आहे. ज्या माशासाठी हे सगळं चाललंय, त्याला भूकच नसते.

सॅमन नदीच्या वरच्या अंगाला, थंड पाण्यातल्या खडीत जन्मतो. दोन-तीन वर्षं तिथे काढून समुद्रात जातो. फेरो बेटं, ग्रीनलंड अशा लांबच्या पाण्यात यथेच्छ खाऊन लठ्ठ होतो आणि एक दिवस परत फिरतो. किनाऱ्याजवळ आल्यावर आपल्याच नदीचं तोंड तो वासावरून ओळखतो. नदीत शिरला की खाणं बंद. पोटातलं जठर आक्रसून जातं. काही सॅमन फेब्रुवारीत नदीत येतात आणि अंडी घालायला नोव्हेंबर उजाडतो. तेवढे सगळे महिने ते अंगातल्या चरबीवर काढतात. आपल्याकडे चातुर्मास कडक पाळणाऱ्यांना निदान साबुदाणा चालतो, सॅमनला तोही नाही.

अशा कडकडीत उपाशी माशासमोर पिसांची माशी नाचवायची आणि त्याने ती तोंडात घ्यावी अशी आशा धरायची, यालाच सॅमन गरवणं म्हणतात. गंमत म्हणजे मासा ती कधीकधी घेतोही. का घेतो, यावर दीडशे वर्षं पुस्तकं निघत आहेत. समुद्रातल्या खाण्याची जुनी सवय उसळी मारते, असं काहीजण म्हणतात. त्याला राग येतो, असं दुसरे म्हणतात. नुसती चौकशी म्हणून तोंड लावतो, असं तिसरे. माशाला हात नसल्यामुळे वस्तू तपासून पाहायची तर तोंडानेच पाहावी लागते, हा युक्तिवाद त्यातल्या त्यात पटण्याजोगा आहे.

मासा का घेतो हे ठाऊक नसल्यामुळे तो कधी घेईल याला फार महत्त्व आलं, आणि त्यातूनच ‘परिस्थिती’ नावाची गोष्ट जन्माला आली. नदीकाठच्या गप्पांत या शब्दाइतका राबवला जाणारा शब्द दुसरा नाही. पाणी किती आहे, चढतंय की उतरतंय, रंग कसा आहे, गारवा किती, ऊन आहे का, वारा कुठून येतोय, वायुभारमापक काय म्हणतोय, काल रात्री गडगडलं का, भरती मोठी होती का, पानगळ सुरू झाली का. हे सगळं एकाच वेळी मनासारखं जमून आलेला दिवस पाहिलेला माणूस अजून सापडायचा आहे. ऐकलेली माणसं मात्र पुष्कळ आहेत.

यातलं पाण्याचं गणित बरंचसं खरं आहे. कोकणातल्या माणसाला ते समजावून सांगावं लागणार नाही. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, वहाळ-ओढे भरून वाहू लागले, की चढणीचे मासे उलट्या प्रवाहातून शेतांपर्यंत येतात. त्या वलगणीसाठी गाव कंदील, बॅटऱ्या घेऊन रात्री भर पावसात बाहेर पडतं. सॅमनचंही तंत्र तेच. नदी आटलेली असली की तो खाडीच्या तोंडाशी ताटकळत राहतो. डोंगरात पाऊस पडून लोंढा आला की वाट मोकळी होते आणि तो वर निघतो. फरक इतकाच की कोकणात मासा चढत असतानाच पकडतात, आणि स्कॉटलंडमध्ये चढत्या पाण्यातला मासा कशाकडेही बघत नाही. तो प्रवासात असतो. पाणी उतरू लागलं, गढूळपणा निवळून पीटच्या दलदलीतून आलेला व्हिस्कीसारखा तांबूस रंग तेवढा उरला, की तो एखाद्या डोहात, दगडाच्या आडोशाला थांबतो. नुकताच येऊन थांबलेला मासा माशी घेण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्याच डोहात आठवडाभर राहिला की त्यालाही सगळ्या माश्या पाठ होतात.

म्हणजे हवं काय, तर नुकतंच उतरू लागलेलं पाणी. पश्चिम किनाऱ्यावरच्या आखूड नद्यांमध्ये ही वेळ येते आणि काही तासांत निघूनही जाते. रात्री पूर, सकाळी उतरतं पाणी, दुसऱ्या दिवशी पुन्हा दगड उघडे. स्कॉटलंडची पर्यावरण संस्था नद्यांच्या पाण्याची पातळी दर पंधरा मिनिटांनी मोजते आणि ती कुणालाही घरबसल्या पाहता येते. या सोयीने कित्येक संसारांत तणाव आणला असणार. लंडनच्या कचेरीत माणूस बैठकीला बसलेला असतो, विक्रीच्या आकड्यांवर मान डोलावत असतो आणि टेबलाखालच्या मोबाइलवर स्पे नदी चार इंचांनी उतरलेली असते. चेहऱ्यावरची व्याकुळता पाहून साहेबाला वाटतं, आकड्यांचं याला फार लागतं.

त्याला व्याकुळ व्हायचं कारणही आहे. नदीकाठी कुणालाही जाता येत असलं तरी सॅमन पकडण्याचा हक्क खासगी मालकीचा असतो. नदीचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना ‘बीट’ म्हणतात, आणि चांगलं बीट सोमवार ते शनिवार अशा आठवड्याच्या हिशेबाने भाड्याने मिळतं. नोंदणी वर्षभर आधी. नामांकित बीटवरचा शरद ऋतूतला आठवडा तर नुसते पैसे मोजूनही मिळत नाही. तो आधीच कुणाचातरी असतो, बापाकडून मुलाकडे आलेला असतो, आणि तो रिकामा व्हायचा म्हणजे काय व्हावं लागतं, हे प्रतीक्षायादीतली माणसं मोठ्याने बोलत नाहीत. तेव्हा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात उतरतं पाणी असेल की नाही, यावर गृहस्थाने आदल्या ऑक्टोबरातच मोठी रक्कम लावलेली असते. भारतीय हवामान खात्यालाही इतक्या लांबचा अंदाज कुणी मागत नाही.

त्यात रविवार. स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमन पकडणं हा गुन्हा आहे. शब्बाथ पाळणाऱ्या देशातला हा जुना नियम अजून टिकून आहे, आणि निदान आठवड्यातून एक दिवस माशांना निर्धास्तपणे वर जाता येतं हा त्याचा फायदा खराच आहे. ट्राउट नावाच्या दुसऱ्या माशाला मात्र हे धर्माचं संरक्षण नाही. त्याला रविवारी न पकडणं ही केवळ रीत, कायदा नव्हे. आता नद्यांना वार कळत नाही, हे शास्त्र सांगतं. पण सोमवारपासून कोरडी पडलेली नदी शनिवारी रात्री फुगते आणि रविवारी सकाळी पाणी हवं तसं उतरू लागतं, मासे डोहात उड्या मारू लागतात आणि भाडेकरू खिडकीत बसून ते बघतात, हे इतक्या लोकांनी इतक्या वेळा सांगितलं आहे की शास्त्राने जरा नमतं घ्यायला हरकत नाही.

गारव्याचा हिशेब याहून किचकट. पाणी पाच अंशांच्या खाली असलं की सॅमन सुस्तावतो, उंच धबधबे चढत नाही. तेव्हा जड, बुडणारी दोरी आणि बोटभर लांबीची माशी लागते. पाणी नऊ अंशांच्या वर गेलं की तरंगती दोरी, छोटी माशी. हा दुसरा प्रकार डी नदीवरच्या केर्नटन इथल्या आर्थर वूड यांनी प्रसिद्ध केला. रेशमी दोरीला चरबी चोळून ते ती तरंगत ठेवत. वूड अवलिया गृहस्थ होते. गळाला पिसं न लावता त्याच्या दांड्याला नुसता लाल किंवा निळा रंग फासून त्यावरही त्यांनी सॅमन पकडले. त्यांच्या तंत्रावरचं पुस्तक 1935 मध्ये निघालं. लेखकाने टोपणनाव घेतलं होतं जॉक स्कॉट, म्हणजे नेमकं त्या माशीचं, जी बांधायला टूकन, शहामृग, मोर, गिनी फाउल, सोनेरी फेझंट यांची पिसं लागतात.

या माश्यांच्या प्रकरणात महाराष्ट्राचाही अंश आहे. सह्याद्रीच्या रानात पहाटे आरवणारा राखी रानकोंबडा आपल्याला माहीत आहे. त्याच्या मानेवरच्या पिसांवर मेणासारखे चकचकीत पिवळट-पांढरे ठिपके असतात. इंग्रजांना ते माशीच्या डोळ्यांसाठी फार पसंत पडले आणि या पिसांपायी पश्चिम घाटातल्या कोंबड्यांच्या माना बोटीत बसून विलायतेला जाऊ लागल्या. भारताने पुढे निर्यात बंद केली. पक्ष्याला आता कायद्याचं संरक्षण आहे, आणि युरोपातले लोक आपापल्या खुराड्यांत हे रानकोंबडे पाळून पिसं काढतात. इतकं करून जी माशी बनते तिचा सॅमनवर परिणाम किती, हे वूड यांच्या लाल रंगाने सांगून झालंच होतं. पण ते ऐकायला वेळ कुणाला? 2009 च्या जून महिन्यात लंडनच्या संगीत अकादमीत शिकणारा एक अमेरिकन बासरीवादक ट्रिंग इथल्या निसर्ग इतिहास संग्रहालयाची खिडकी फोडून आत शिरला आणि 299 पक्ष्यांची कातडी सुटकेसमध्ये भरून चालता झाला. त्यातले काही पक्षी निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी मलाय द्वीपसमूहातून गोळा केलेले होते. हे सगळं व्हिक्टोरियन नमुन्याच्या सॅमन माश्या बांधण्यासाठी. मासे पकडण्याचा विषयच नव्हता. या माश्या बांधणाऱ्यांपैकी अनेकांनी त्या कधी ओल्याही केलेल्या नसतात.

ऊन आणि वारा यांचं एक बरं आहे, की दोन्हींबाबत तक्रार करता येते. ऊन पडलं तर मासा तळाशी बसतो. ढग हवेत. पण ढगाळ, दमट आणि निवांत हवा ज्या दिवशी मिळते, त्याच दिवशी हायलँडचे मिज बाहेर पडतात. मिज म्हणजे टाचणीच्या टोकाएवढे चावरे कीटक. एक चावला तर कळत नाही, पण एकटा मिज कुणी पाहिलेला नाही. त्यांचा ढग येतो आणि कानात, नाकात, भुवयांत शिरतो. बरा वारा सुटला की ते उडू शकत नाहीत, म्हणून वारा हवा. वारा सुटला की दोरी नीट पडत नाही, म्हणून वारा नको. तो पूर्वेकडून आला तर त्या दिवशी नदीवर जाण्यातच अर्थ नाही, हे तर लहान मूलही सांगेल. पंधरा फुटी काठी दोन्ही हातांनी फिरवून, पाठीमागे जागा नसतानाही दोरी इंग्रजी डी अक्षरासारखी वळवून पलीकडच्या काठाशी टाकायची स्पे पद्धत बघायला नृत्यासारखी सुंदर असते. वाऱ्यात तीच माशी फिरून टाकणाऱ्याच्या कानाच्या पाळीत रुतते. परिस्थितीत माशी शिंकते ती अशी.

या सगळ्याचा अर्थ लावायला काठावर गिली असतो. गिली म्हणजे बीटवरचा जाणकार नोकर. पाहुण्याला दगड कुठे, खोल कुठे, मासा कुठे थांबतो हे दाखवणं, माशी निवडून देणं, नाव वल्हवणं आणि पाहुणा वाहून जाऊ लागला तर त्याला काढणं, ही त्याची कामं. शिवाय एक अलिखित काम असतं ते निराशेचं व्यवस्थापन. पैसे भरून आलेल्या माणसाला तुम्हाला दोरी टाकता येत नाही, असं तोंडावर सांगता येत नाही. म्हणून परिस्थिती.

“पाणी जरा जास्तच आहे, सर,” सोमवारी गिली म्हणतो.

“उतरेल ना?”

“उतरेल. पण मग फार उतरेल.”

बुधवारी ते फार उतरलेलं असतं. गुरुवारी ऊन. शुक्रवारी शेजारच्या बीटवरच्या, पहिल्यांदाच काठी धरलेल्या कुणाच्यातरी जावयाला अठरा पौंडी मासा मिळाल्याची बातमी येते. शनिवारी सामान गाडीत भरताना गिली अत्यंत सहानुभूतीने जगातल्या सगळ्या नद्यांवर सगळ्या भाषांत म्हटलं जाणारं वाक्य म्हणतो, “गेल्या आठवड्यात यायला हवं होतं, सर.” गेल्या आठवड्यातल्या पाहुण्यांना त्याने काय सांगितलं होतं, ते विचारायची पद्धत नाही.

बीटवरून निघणारे साप्ताहिक अहवाल हाही एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. पुढच्या आठवड्याची भाडी त्यावर अवलंबून असल्याने त्यात खोटं काही नसतं आणि खरं शोधावं लागतं. ‘आठवडा आव्हानात्मक होता’ म्हणजे काही मिळालं नाही. ‘मासे सर्वत्र दिसत होते’ म्हणजे काही मिळालं नाही आणि त्याचं जास्त वाईट वाटलं. ‘दोन मासे निसटले’ यात दोन हा आकडा पाहुण्याचा. ‘पावसाची गरज आहे’ हे वाक्य छापून तयारच ठेवलेलं असावं, ‘पाणी स्थिरावण्याची गरज आहे’ याच्या शेजारी.

आता मासे सोडून देण्याची रीत पडल्यापासून आणखी एक सोय झाली आहे. स्कॉटलंडमध्ये काठीने पकडलेले बहुतेक सगळे सॅमन आज परत सोडले जातात. त्यामुळे तराजू नाही, पाण्यातल्या पाण्यात लांबी मोजायची आणि स्टर्डी नावाच्या तक्त्यावरून वजन काढायचं. फूटपट्टी पाण्यात जराशी वाकडी दिसते, मासाही वळवळत असतो. रात्रीच्या जेवणापर्यंत त्याचं वजन वाढत राहतं.

शंभर वर्षांपूर्वी ही पळवाट नव्हती. 7 ऑक्टोबर 1922 च्या संध्याकाळी टे नदीवर ग्लेनडेल्विनच्या पट्ट्यात जॉर्जिना बॅलंटाइन यांच्या गळाला मासा लागला. नावेत वडील होते. दोन तासांहून जास्त झुंज चालली, अंधार पडला, मासा खाली ओढत नेत राहिला. काट्यावर ठेवला तेव्हा 64 पौंड भरला, म्हणजे 29 किलो. ब्रिटनमधला काठीने पकडलेल्या सॅमनचा तो विक्रम आजही कायम आहे. मासा पर्थच्या रुग्णालयाला देण्यात आला आणि रुग्णांनी, कर्मचाऱ्यांनी तो खाल्ला. त्याची प्रतिकृती पर्थमधल्या एका दुकानाच्या खिडकीत मांडली होती. तिथे दोन म्हातारे ती बघत उभे होते, आणि बाईमाणसाने इतका मोठा मासा काढणं शक्यच नाही, ही थाप आहे, असं एकमेकांना पटवून देत होते. जॉर्जिनाबाई मागेच उभ्या राहून ऐकत होत्या.

म्हाताऱ्यांचं दुःख तिथेच संपायचं नव्हतं. पुढच्याच वर्षी वाय नदीवर डोरीन डेव्ही यांनी साडेएकोणसाठ पौंडी सॅमन काढला. 1924 मध्ये डेव्हरॉन नदीवर मिसेस मॉरिसन यांनी माशीवर 61 पौंडांचा मासा पकडला. तीन वर्षांत तीन राक्षसी मासे आणि तिन्ही बायकांना! नदीवर पुरुषांची संख्या कितीतरी पट जास्त. याचा उलगडा 1990 मध्ये पीटर बेहन आणि विल्मा पॅटरसन यांच्या पुस्तकात मांडला गेला, की स्त्रियांच्या त्वचेतल्या गंधद्रव्यांचा मोठ्या नर सॅमनवर परिणाम होत असावा. शास्त्रज्ञांनी हे फारसं मनावर घेतलं नाही. गरवणाऱ्या पुरुषांनी घेतलं, कारण पाणी, वारा, ऊन, गारवा यांच्या यादीत एक कारण वाढलं, आणि तेही जन्मजात, ज्याला कुणाचाच इलाज नाही. या तिघी गिलीचं सांगणं मुकाट ऐकत असाव्यात, हा साधा खुलासा मात्र कुणी तपासून पाहिलेला दिसत नाही.

ट्राउटची गोष्ट वेगळी. तो खातो, आणि त्यामुळे त्याच्याबाबत निमित्त शोधणं अवघड जातं. त्यातल्या त्यात दक्षिण इंग्लंडमधल्या टेस्ट आणि इचेन या नद्यांवर तर फारच अडचण. त्यांचं पाणी जमिनीखालच्या खडूच्या थरांतून झिरपून येतं. उगमाशी ते बारा महिने दहा अंशांच्या आसपास, पूर क्वचित, तळातलं शेवाळ न् शेवाळ दिसेल इतकं नितळ. परिस्थितीला नाव ठेवायला जागा नाही. मग तिथल्या गृहस्थांनी नियम निर्माण केले. फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घालून दिलं, की माशी कोरडी, पाण्यावर तरंगणारीच हवी, ती प्रवाहाच्या वरच्या दिशेलाच टाकायची आणि तीही वर येऊन कीटक टिपणाऱ्या, डोळ्यांनी दिसलेल्या माशालाच. बाकीचे मासे असले तरी नाहीत असं समजायचं. जी. ई. एम. स्क्यूज नावाच्या वकिलाने पाण्याखालच्या कीटकाच्या अळीची नक्कल वापरायला सुरुवात केली, तर चक्क सामाजिक प्रश्न उभा राहिला. 1938 मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात यावर रीतसर वादसभा झाली. युरोप युद्धाच्या तोंडावर होता. क्लबात विषय होता माशी पाण्यावर की पाण्याखाली.

या नद्यांवर मे महिन्याच्या अखेरीस मेफ्लाय नावाचे मोठे कीटक पाण्यातून हजारोंनी वर येतात. दोन वर्षं गाळात काढून पंख फुटलेलं आयुष्य एक-दोन दिवसांचं. ट्राउट सगळी सावधगिरी सोडून ते खात सुटतात. या काळाला तिकडे ‘ढ लोकांचा पंधरवडा’ अशा अर्थाचं नाव आहे, कारण तेव्हा कुणालाही मासा मिळतो. या नावात एक क्रौर्य आहे. त्या पंधरवड्यातही ज्याला मासा मिळत नाही, त्याने स्वतःला काय म्हणायचं? त्याचीही सोय आहे म्हणा. खरे कीटक इतके जास्त होते की आमची माशी त्यात हरवली, हे कारण शास्त्रशुद्धही आहे.

याच स्क्यूज यांची एक कथा आहे. थिओडोर कॅस्टवेल नावाचे गृहस्थ मरतात आणि परलोकात त्यांना सुंदर नदी, उत्तम काठी आणि गिली मिळतो. पहिल्याच फेकीला तगडा ट्राउट. दुसऱ्या फेकीला तसाच. पुन्हा तसाच, त्याच जागी. खूश झालेले कॅस्टवेल काही वेळाने थांबू म्हणतात, तर थांबायची परवानगी नाही. आपण स्वर्गात नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात येतं. ज्या नदीवर परिस्थिती कायम अनुकूल आहे, ती नदी यमाच्या हद्दीतली, हे वकिलाने अचूक ओळखलं होतं.

भारतात ट्राउट आला तो असल्याच हौसेपायी. काश्मिरात 1899 मध्ये आणलेली पहिली अंडी प्रवासात मेली. 1900 मध्ये स्कॉटलंडहून दुसरी खेप आली ती जगली, आणि श्रीनगरला गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या एफ. जे. मिचेल यांनी पिल्लं वाढवली. हारवनला उबवणी केंद्र झालं. आज पहलगामला हॉटेलच्या ताटात ‘इथला खास मासा’ म्हणून येतो, तो मूळचा परदेशी. तिथल्या लिद्दर नदीवर मे-जूनमध्ये बर्फ वितळून पाणी दुधाळ आणि जोरकस होतं, तेव्हा ट्राउटला माशी दिसत नाही. नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडच्या शाळांना सुट्टी असते. परिस्थितीने पुणे-मुंबईच्या पर्यटकांनाही वगळलेलं नाही.

एवढ्या सगळ्या निमित्तांत एक अडचण अलीकडे उभी राहिली आहे. ही निमित्तं खरी ठरू लागली आहेत. म्हातारे शंभर वर्षं म्हणत आले, पाणी कमी, पाणी कोमट, पूर्वीसारखे मासे नाहीत. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये असा संकेत होता. 2018 च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या सुमारे दोन तृतीयांश नद्यांचं पाणी सॅमनला ताण पडेल इतकं, म्हणजे 23 अंशांच्या वर गेलं. 2023 मध्ये काठीने पकडलेल्या सॅमनची संख्या साधारण 32 हजार भरली, 1952 पासून नोंदी ठेवल्या जात आहेत, त्यातली तोवरची सर्वांत कमी. 2010 मध्ये ती एक लाखाच्या वर होती. 2023 च्याच डिसेंबरात आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने ग्रेट ब्रिटनमधल्या अटलांटिक सॅमनला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घातलं. समुद्रात गेलेली पिल्लं पूर्वीइतकी परत येत नाहीत, आणि तिथे त्यांचं नेमकं काय होतं, यावर अजून खल चालू आहे. कडक उन्हाळ्यात पाणी वीस अंशांच्या आसपास पोचलं की बऱ्याच नद्यांवर आता आपणहून काठ्या आवरतात, कारण कोमट पाण्यात पकडून सोडलेला मासा वाचेलच असं नसतं. भाडं भरलेला माणूस मग काठावरच्या झोपडीत सँडविच खात बसतो. तिथे गिलीला त्याची समजूत घालावी लागत नाही. तापमापक दोघांनाही दिसत असतो.

समुद्राचं काही करता येत नाही, म्हणून निदान नदी थंड ठेवू, असं डी नदीवरच्या मंडळींनी ठरवलं आहे. हायलँडच्या उघड्याबोडक्या दऱ्यांतून ऊन थेट पाण्यावर पडतं, तेव्हा वरच्या ओढ्यांच्या काठांनी भूर्ज, रोवन, विलो लावायचे, 2035 पर्यंत दहा लाख झाडं. रोपं हरणं खातात, म्हणून कुंपणं. सावली पडायला पंधरा-वीस वर्षं जातील, आणि खड्डे खणायला जे स्वयंसेवक येतात, त्यांच्यात पिकल्या केसांचे गरवणारेही असतात. हीच माणसं उभा जन्म पाठीमागच्या झाडांना शिव्या देत आली आहेत, कारण दोरी मागे फेकताना माशी हमखास फांदीत अडकते. डोहामागची अशी एखादी आडमुठी फांदी छाटून टाका म्हणून त्यांनी गिलीच्या मागे लकडा लावलेला असतो. गिली आता करवतीऐवजी फावडं घेऊन येतो आणि विचारतो, “हे कुठे लावू, सर?”

सर म्हणतात, “जरा डावीकडे घे. माझी दोरी उजवीकडून येते.”